पाच मुलांच्या घरचा हंस

या, असे आत सरका. चुलीकडच्या बाजूला बसा, तिथली जमीन अजून उबदार आहे. पाय पसरा, इथे तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही. ओकबुनच्या लग्नाच्या सकाळी काय झालं ते सांगीन म्हणून केव्हापासून शब्द दिलाय, तो आज पुरा करते. या गोष्टीत कुणी कुणावर हात उगारत नाही. एक लाकडाचा पक्षी आहे, आणि त्याच्यापायी सोंग आडनावाचं आमचं अख्खं घराणं त्या सकाळी आपल्याच दारात अडकून पडलं. विहारातले बुवा गाऊन सांगतात ना, की माणसाच्या दारात एकदा त्याचंच जुनं ओझं पाहुणा होऊन येतं, तसं झालं. ऐका.

वऱ्हाड गावाच्या टोकाला, कागद बनवणाऱ्या शिनच्या घरी उतरलं होतं. नवरदेव तिथे दरबारी झगा चढवणार, काळी टोपी घालणार आणि ऊन डोक्यावर यायच्या आत आमच्या अंगणात पाऊल टाकणार, असा मुहूर्त होता. येताना वऱ्हाडाने पुढे लाकडी हंस आणायचा आणि नवरीच्या आईने तो ओच्यात घ्यायचा, ही आमच्या लग्नाची रीत. ओकबुनचा बाप इनमुक त्यांना शेवयांचे वाडगे आणि तांदळाची दारू पोचवायला गेला. परत आला तेव्हा त्याचं तोंड पिठासारखं पांढरं झालं होतं.

त्याची बायको अंगणात लग्नाच्या मेजावर चेस्टनट आणि खजुरांची रास रचत होती. हामानहून आलेली म्हणून गाव तिला हामानवाली म्हणे. नवऱ्याकडे बघून तिने ताट खाली ठेवलं.

"काय हो? दारू कमी पडली?"

"नाही."

"मग काय नवरा लंगडा निघाला?"

"गप. इकडे ये जरा."

घराच्या मागे, सोयाच्या रांजणांच्या ओट्याआड त्याने तिला नेलं. तिथे सुद्धा त्याने आधी डावी-उजवीकडे पाहिलं.

"हंस पाहिला मी त्यांचा."

"लाकडाचाच आहे ना? जिवंत आणतो म्हणाले होते काय?"

"ताईचा हंस आहे तो."

हामानवालीला आधी कळलंच नाही. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"काहीतरीच. लाकडी हंस सगळे सारखेच दिसतात."

"चोचीचं टोक मोडलेलं आहे. ताईच्या लग्नात आईने तो ओच्यातून खोलीत सोडला तेव्हा उंबऱ्यावर आपटला होता. बाबांनी बांबूची खुंटी मारून सांधला. ते खुंटी ठोकत होते आणि हंस धरून कोण बसलं होतं? मी. सात जन्मांत विसरणार नाही मी ती चोच."

ताई म्हणजे ग्वाकसिल. लेक लग्न होऊन गेली की माहेरी तिला सासरच्या आडनावाने हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. ग्वाकांकडे दिली म्हणून ग्वाकसिल. नवरा दुसऱ्याच वर्षी कामाला म्हणून मांचुरियाला गेला आणि तिथे त्याने दुसरी बाई केली. सासूने ग्वाकसिलला म्हटलं, थोडे दिवस माहेरी राहून ये. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. तिचे केस पांढरे व्हायला लागले, हाक मात्र तीच राहिली. जेवायला बोलवायचं तरी आमच्या घरात ग्वाकांचं नाव घ्यावं लागे. आणि तो हंस? तो तिच्या पेटीतून सासरी गेला होता, तो तिथेच राहिला.

"त्यांच्याकडे आला कसा?" हामानवालीने विचारलं.

"मुन आजोबा कौतुकाने सांगत होते. नवऱ्याचे आजोबा गं, तेच म्होरके आहेत. म्हणे आमच्या गावात एक घर आहे, युद्धानंतर येऊन राहिलेलं. पाच मुलगे झाले, पाचही जगले, थोरला लढाईतून धड परत आला. त्या घरातला हंस ज्या लग्नाला जातो तिथे पाळणा रिकामा राहत नाही. म्हणाले, 'हातापाया पडून मागून आणलाय तुमच्या लेकीसाठी.'"

"आणि ते घर ग्वाकांचं."

"हो. हंस धरून जो पुढे चालणार आहे ना, तो त्यांचा थोरला. मान्दोक. भुवया बघितल्यास तर थेट त्याच्या बापाच्या."

हामानवाली ओट्याच्या काठावर टेकली. एखादी बाई रडली असती. ही मोजून-मापून विचार करणारी होती.

"वन्संना कळता कामा नये," ती म्हणाली.

"अगं, ती मागच्या चुलीवर धिरडी तळतेय. हंस अंगणात येईल, तू गुडघे टेकून ओच्यात घेशील, सगळं गाव बघेल. तिला दिसणार नाही?"

"मी बघते काय करायचं ते. तुम्ही फक्त तोंड मिटून उभे राहा, ते तुम्हाला चांगलं जमतं."

तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. घोड्याच्या केसांची टोपी, पांढराशुभ्र झगा, हातात लग्नविधी पुकारायचा कागद. इनमुकचे थोरले काका. आमच्या घराण्यात विधीचा शब्द त्यांचा.

"रांजणांना कान नसतात," थोरले काका म्हणाले, "पण मला आहेत. परत पाठवा तो हंस."

"काका, हळू बोला."

"कशाला हळू? ज्या घराने आपली लेक टाकली, त्या घरचा पक्षी आपल्या मेजावर? सोंगांच्या अंगणात? आपले पूर्वज कुशी बदलतील टेकडीवरच्या थडग्यांत."

हामानवाली उठून उभी राहिली. सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता.

"पूर्वज कुशी बदलून पुन्हा झोपतील, काका. माझी ओकबुन कुठे झोपेल? एकदा तिची सोयरीक झाली होती. रेशीम आलं, पेटी आली, आणि मुलगा नाकदोंग नदीकाठच्या लढाईत गेला. बोहलं न बघताच विधवा म्हणायला लागले तिला लोक. युद्धानंतर मुलगे उरलेत किती, मोजा ना. हे वऱ्हाड दारातून माघारी गेलं तर ह्या घरात दुसरी ग्वाकसिल तयार होईल. त्या दोघींना शेजारी शेजारी बसून म्हातारं होताना मी बघू?"

थोरल्या काकांनी दाढीवरून हात फिरवला.

"मी आणि इनमुक जाऊन बोलून बघतो," ते अखेर म्हणाले. "दुसरा हंस आमच्याच गावात मिळेल. विनंती करायला काय हरकत आहे?"

विनंती करायला हरकत होतीच. शिनच्या ओसरीवर मुन आजोबा लाल तोंडाने तिसरा प्याला भरून घेत होते, आणि नवरदेव चान्सू झग्यात अवघडून बसला होता. इनमुकने खरं कारण सांगायचं टाळलं. स्वतःच्या बहिणीची लाज परक्या ओसरीवर कशी उघडी करणार? तो चाचरत म्हणाला, "हंसाची चोच... म्हणजे जरा दुरुस्त केलेली दिसतेय. शुभकार्याला अखंड वस्तू..."

मुन आजोबा खो खो हसले. "अहो व्याही, पाचही मुलगे त्या मोडक्या चोचीनेच दिले! धड चोचीच्या हंसांनी आमच्या गावात मुलीच दिल्यात, त्या बघायच्या असतील तर पुढच्या वेळी घेऊन येतो."

ओसरीवर हशा पिकला. फक्त एक जण हसला नाही. खांबाशी उभा असलेला तरणा माणूस, हातात लाल कापडात गुंडाळलेला हंस, डोकं रीतीप्रमाणे डाव्या अंगाला. मान्दोक इनमुककडे नुसता पाहत होता. इनमुकला वाटलं, ह्याला ठाऊक आहे. मग वाटलं, कसं ठाऊक असेल?

थोरले काका पुढे सरले. "आम्ही दुसरा देतो. ह्यात अपमान मानू नका."

आता मुन आजोबांचं हसू गेलं. प्याला खाली आपटला.

"मी मागून आणलेल्या वस्तूत खोट काढता आणि वर अपमान मानू नका म्हणता? ऐका, सोंगमहाशय. तुमच्या पोरीच्या पहिल्या सोयरिकीबद्दल आमच्याकडे बायका काय काय बोलल्या. मी म्हटलं, तोंडं बंद करा, मुलगी चांगली आहे. म्हणूनच मी पाच मुलांच्या घरचा हंस शोधला, तिच्यावरची ती छाया पुसायला. हा हंस अंगणात येईल. नाहीतर आमचं घोडं अजून मोकळं सोडलेलं नाही. आमच्या गावाकडची खिंड दूर नाही."

दोघे परत निघाले तेव्हा वाटेत थोरले काका एकच वाक्य बोलले. "म्हातारा वाईट नाही रे, हीच पंचाईत आहे."

आता इकडे घरात काय चाललं होतं ते बघा.

ओकबुन मधल्या खोलीत बसली होती. गालांवर आणि कपाळावर लाल टिकल्या, डोक्यावर रत्नांचा मुकुट, अंगावर गावाने मिळून सांभाळलेला नवरीचा झगा. नवरीने दिवसभर डोळे खाली ठेवायचे, बोलायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. हसली तर पहिली मुलगी होते म्हणतात. केस विंचरायला शेजारची मुलाबाळांची बाई आली होती. ओकबुनच्या केसांना लहानपणापासून जिने तेल लावलं त्या आत्याचा हात मात्र आज केसाला लागता कामा नये, असा रिवाज. आत्याने शिवलेलं पोलकं मात्र आत अंगाला लागून होतं. त्याला कुणी हरकत घेतली नव्हती, कारण ते कुणाला दिसत नव्हतं.

खोलीची मागची भिंत म्हणजे कागदी दार. दाराबाहेर रांजणांचा ओटा. ओकबुनने अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

मग तिला आईचा आवाज आला, मागच्या चुलीकडून. उगाच गोड.

"वन्सं, एक काम होतं. टेकडीवरच्या विहारात ओकबुनसाठी दिवा बोलला होता ना आपण? तो आत्ता लावून या."

"आत्ता?" ग्वाकसिलच्या कढईतलं धिरडं चरचरलं. "नवरा दारात येतोय आणि मी टेकडी चढू?"

"मुहूर्ताच्या वेळीच लावायचा असतो."

"वहिनी, बुद्ध तिथे हजार वर्षं बसलाय, संध्याकाळपर्यंत कुठे पळून जात नाही. मला अंगणात येऊ नको म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. मी चुलीजवळच उभी राहणार होते. दुरून बघणार होते."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

आणि तेवढ्यात आमच्या घराण्यात कधी न झालेली गोष्ट झाली. मुकुट घातलेली नवरी मधल्या खोलीतून बोलली.

"आई, आत्याला खरं सांग."

केस विंचरणारी बाई दचकली. "अगं, नवरीने बोलायचं नसतं!"

"मग तुम्ही सांगा, काकू," ओकबुन म्हणाली. डोळे खालीच होते, पण आवाज वर होता. "सांगा की तिच्या लग्नातला हंस माझ्या लग्नात येतोय आणि म्हणून तिला टेकडीवर पाठवताहेत. आत्याला कळल्याशिवाय मी मेजासमोर उभी राहणार नाही. नमस्कार करायला गुडघे वाकणार नाहीत माझे. ओढून न्या हवं तर."

"ओकबुन!" आई खोलीच्या दारात आली. "तुझ्यासाठी चाललंय हे सगळं. तुला कळतंय का काय मोडेल ते?"

"कळतंय. माझंच तर मोडेल. पण तिच्यावर झाकण ठेवून माझं होणार असेल, तर उद्या माझ्यावर झाकण ठेवायची वेळ आली की तुम्ही तेही ठेवाल."

हामानवालीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की आणखी कशाचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती वळली. ग्वाकसिल मागे उभी होती. हातात उलथणं तसंच.

"माझा हंस?" ग्वाकसिलने विचारलं.

हामानवाली दाराच्या चौकटीला टेकली.

"चोचीत बांबूची खुंटी आहे?"

इनमुक आणि थोरले काका तेवढ्यात अंगणातून आत आले होते. इनमुकने मान डोलावली. "आहे, ताई. ग्वाकांचा थोरला घेऊन आलाय."

ग्वाकसिलने चुलीपाशी जाऊन उलथणं कढईच्या काठावर ठेवलं. चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, म्हणजे धिरडी करपायला नकोत. मग हात पुसले. ती काय विचार करत होती? इतकी वर्षं तिने त्या हंसाची आठवण काढली नव्हती. आठवण नवऱ्याचीही काढली नव्हती. पण आता तिच्या मनात आला तो नवरा नव्हे, पाच मुलगेही नव्हेत. तिला आठवलं की तिच्या आईने तो हंस कसा ओच्यात घेतला होता. माझ्या लेकीसाठी आलाय, म्हणून. तिची आई कधीच गेली. आणि तिच्या ओच्यातली वस्तू लोक मागून नेत होते, परत देत होते, शुभ म्हणून मिरवत होते. ह्या सगळ्यात एकदाही कुणी तिला विचारलं नव्हतं.

"तो माझा आहे," ती म्हणाली.

"ताई, मुन आजोबा ऐकत नाहीत, परत न्यायला तयार नाहीत, खिंड दूर नाही म्हणतात..."

"मी परत न्या कुठे म्हणतेय? माझा आहे एवढंच म्हणतेय. उसना द्यायचा तर मी देणार. ग्वाक कोण देणारे?"

"वन्सं, पाया पडते," हामानवाली म्हणाली. "तुम्ही दारात आलात आणि त्यांना कळलं की हा कुठल्या बाईचा हंस आहे, तर पाच मुलांचं घर राहिलं बाजूला, टाकलेल्या बाईचा हंस म्हणतील. जातील परत."

"मग मला टाकलेली तुम्हीच म्हणताय, वहिनी. ते अजून म्हणालेले नाहीत."

हामानवालीने मान खाली घातली.

आता सगळे थोरल्या काकांकडे पाहायला लागले. ते नाही म्हणणार ह्यात कुणाला शंका नव्हती. वरातीच्या वाटेत अशी बाई उभी राहणं त्यांच्या कुठल्या विधीत बसणार? थोरल्या काकांनी हातातला कागद गुंडाळला.

"हंस मुलीच्या आईच्या ओच्यात पडला की तो त्या मुलीचा," ते हळूहळू म्हणाले. "मुलगी जिवंत असताना तो तिच्या शब्दाशिवाय हलवता येत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी ग्वाकांवर चिडलो होतो ना, म्हणून पोरगी राहून गेली." मग इनमुककडे वळून खेकसले, "बघतोस काय? बहिणीला दारापर्यंत ने. एकटी जाईल काय ती?"

फाटकाबाहेर गवताचा जाळ पेटवला होता, नवरदेवाने ओलांडून यायला. वाटेवर दोन कंदीलवाले, मग मान्दोक हंस घेऊन, मग घोड्यावर चान्सू, पंख्याने तोंड झाकलेलं, आणि शेवटी मुन आजोबा. गाव दोन्ही बाजूंना लोटलं होतं. आणि फाटकाच्या मधोमध, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या कपड्यांत, ग्वाकसिल. शेजारी इनमुक. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"अगं बाई, हिला कुणी बाहेर सोडलं?"

"आजच्या दिवशी तरी!"

मुन आजोबा पुढे आले. "हे काय? नवरदेवाच्या वाटेत बाई? व्याही, ही कोण?"

इनमुक एक पाऊल पुढे आला. आयुष्यभर तोंड मिटून उभा राहिलेला माणूस तो.

"माझी थोरली बहीण. हंस तिचा आहे."

"हंस ग्वाकांचा आहे!"

"तीही ग्वाकांचीच आहे. ग्वाकसिल. आम्ही तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेलीच नाही."

मुन आजोबांनी ग्वाकसिलकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं, मान्दोककडे पाहिलं. म्हातारा मूर्ख नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आधी उलगडा आला आणि मग भीती. "परत," तो पुटपुटला. "घोडं फिरवा. हा कसला हंस मी..."

"थांबा, आजोबा," मान्दोक म्हणाला.

त्याने हंस थोरल्या काकांच्या हातात दिला. नवा कोरा झगा होता अंगावर, तरी तो वाटेच्या धुळीत गुडघ्यांवर बसला आणि कपाळ हातांवर टेकवून त्याने नमस्कार केला. सणाच्या दिवशी आईवडिलांना करतात तो मोठा नमस्कार. मग बापाच्या पहिल्या बायकोला मारतात ती हाक मारली.

"मोठी आई," तो म्हणाला, "मी ग्वाक मान्दोक."

आत अंगणात कोंबडा ओरडला, लग्नाच्या मेजावर निळ्या कापडात बांधून ठेवलेला.

"आईने सांगितलं होतं," मान्दोक मान वर न करता बोलत होता, "सोंगांच्या घरी बांबूची खुंटी ओळखणारी बाई समोर आली, तर नमस्कार कर. नाही आली, तर लग्न लावून ये. पण हंस परत आणू नकोस."

"परत आणू नकोस?" मुन आजोबा गोंधळले. "मला तर उसना म्हणून दिला!"

"तुम्हाला उसना दिला, आजोबा. मला पोचवायला सांगितला."

ग्वाकसिलने हात पुढे केले. थोरल्या काकांनी हंस तिला दिला. तिने चोचीवरून अंगठा फिरवला. मग कापडाची कड उलटून पाहिली. सुईवर जन्म काढलेली बाई ती. लाल रेशीम नवं होतं, आणि कडेची टीप इतकी बारीक, इतकी सारखी, की शिवणाऱ्या बाईने ते घाईत उरकलेलं नव्हतं. शिवताना ती कुणाची तरी आठवण काढत होती.

फाटकाच्या आत हामानवाली उभी होती. आता ही हंस घेऊन वळली, मागच्या चुलीकडे गेली, तर सगळं संपलं. आणि तिला अडवायचा हक्क कुणाचा? कुणाचाच नाही. हामानवालीने मनातल्या मनात अमिताभ बुद्धाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"तो कसा आहे? तुझा बाप?" ग्वाकसिलने विचारलं.

"अर्धं अंग गेलंय. आई भरवते."

ग्वाकसिलने कापडाची कड सरळ केली.

"तुझ्या आईचं नाव काय?"

मान्दोक अडखळला. आमच्याकडे बाईचं नाव कोणी विचारत नाही आणि मुलगा आईचं नाव तोंडाने घेत नाही.

"दाल्ले," तो अखेर म्हणाला. "हान दाल्ले."

"कुठली?"

"ह्वेर्योंगची. पार उत्तरेकडची. आता सीमा बंद झाल्यापासून तिकडचं कुणी..."

"म्हणजे तिला माहेर नाही," ग्वाकसिल म्हणाली. "मला होतं. वाईट का असेना, उठून यायला दार होतं. तिला कुठे जायचं असतं तर?"

मग तिने कापड पुन्हा नीट गुंडाळलं, हंस मान्दोकच्या हातात दिला आणि त्याचं डोकं डावीकडे वळवलं.

"दाल्लेला सांग, मिळाला. आणि सांग, मी तो माझ्या ओकबुनला दिला. मुनांनी मागितला म्हणून नव्हे, मला द्यायचा आहे म्हणून. ऊठ आता. झगा झटक, धुळीने माखून माझ्या भाचीच्या अंगणात येऊ नकोस."

मुन आजोबा अजून वाटेत खिळलेले होते. ग्वाकसिल त्यांच्याकडे वळली.

"काय, आजोबा? टाकलेल्या बाईचा हंस चालेल का? नाहीतर खिंड दूर नाही म्हणतात."

सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्यावर. तो घोड्याकडे बघायला लागला, मग धुळीत उमटलेल्या मान्दोकच्या गुडघ्यांकडे. त्याने टोपी सारखी केली.

"दोन बायकांनी मिळून दिलेला हंस," तो खरखरत्या आवाजात म्हणाला, "मी ह्या वयापर्यंत पाहिला नाही. चान्सू, उतर घोड्यावरून. आणि पंखा नीट धर, दात दिसताहेत तुझे!"

नवरदेवाने गवताचा जाळ ओलांडला. हंस चौरंगावर ठेवला गेला, चान्सूने वाकून नमस्कार केले, आणि हामानवाली ओचा पसरून गुडघ्यांवर बसली. हंस ओच्यात घेतला, उठली, आणि दोन पावलं चालून थांबली. मागे वळून सगळ्या गावादेखत म्हणाली, "वन्सं, माझे हात कापताहेत. दुसरं टोक धरा."

त्या दोघी एक ओचा दोन बाजूंनी धरून अंगण ओलांडून गेल्या. थोरल्या काकांनी कागद उघडला, आणि नवरीला बाहेर आणा म्हणून पुकारलं. मुहूर्त टळला की नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी नाही म्हणूनच सांगितलं असतं.

एवढीच गोष्ट. ग्वाकसिल खिंड ओलांडून कधी त्या गावी गेली नाही, आणि दाल्ले आमच्याकडे कधी आली नाही. एकमेकींची तोंडं त्यांनी पाहिली नाहीत. विहारात बुवांचं कीर्तन रंगलं की शेवटी बायका आपापल्या माणसांची नावं घेऊन हात जोडतात. तेव्हा ग्वाकसिल घरची सगळी नावं घ्यायची आणि आणखी एक घ्यायची. आता ती नाही, म्हणून मी घेते. तुम्हीही घ्या. हात जोडाल त्या वेळी आपल्या माणसांच्या पाठोपाठ तिलाही आठवा, जिची आठवण काढायला माहेर उरलं नव्हतं: ह्वेर्योंगची हान दाल्ले.